पाळीव कुत्र्याला अचानक वेदनादायक आजार झाल्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा बीगल जातीचा कुत्रा दहा महिन्यांचा असताना एका सकाळी पाण्याच्या भांड्यासमोर बराच वेळ नुसताच उभा राहिला. त्याला तहान लागली आहे हे दिसत होते, परंतु मान खाली जात नव्हती. भांडे उचलून तोंडाशी धरले, तेव्हा त्याने ते न थांबता रिकामे केले. आदल्या संध्याकाळपर्यंत तो चेंडूमागे धावत होता. त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे प्रश्न आम्ही पशुवैद्यांना विचारले आणि पुढे ओळखीच्या श्वानपालकांनी आम्हाला विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ही उत्तरे पशुवैद्यांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. तपासणीच्या आधीचा आणि नंतरचा काळ कमी गोंधळाचा जावा, एवढ्यासाठीच ती लिहिली आहेत.

कुत्र्याला वेदना होत आहेत हे कसे ओळखावे? आमचा कुत्रा तर ओरडतही नाही.

बहुतेक कुत्रे ओरडत नाहीत, आणि नेमकी इथेच पालकांची फसगत होते. मानेची किंवा पाठीची तीव्र कळ आली तर कुत्रा केकाटतो. पोटातील खोल दुखणे मात्र तो बहुधा मुकाट्याने सोसतो. अशा वेळी ऊन किंवा दमणूक नसताना लागलेली धाप, अंगाची थरथर, बसताना अर्ध्यावर थांबून पुन्हा उठणे, एकाच जागी सतत चाटणे, वळून पोटाकडे पाहणे, एरवी अंगाशी येणाऱ्याने पलंगाखाली जाऊन बसणे, अशा खुणा शोधाव्या लागतात. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवायची आणि मागचा भाग उंच ठेवायचा, या स्थितीत कुत्रा वारंवार किंवा बराच वेळ राहत असेल, तर तो खेळायला बोलावत आहे असे समजू नये. पोट दुखणारे कुत्रे, विशेषतः स्वादुपिंडाला सूज आलेले, पोटावरचा ताण कमी करण्यासाठी असे उभे राहतात. खेळकर कुत्र्याची ही मुद्रा क्षणभराची असते आणि त्याचे डोळे तुमच्यावर असतात.

शेपूट हलते आहे, खाऊ घेतला, म्हणजे दुखत नाही, असा निष्कर्ष काढू नये. आमच्या कुत्र्याने त्या दिवशीही शेपूट हलवली होती. पशुवैद्य तीव्र वेदना मोजण्यासाठी ग्लासगो वेदनामापनाचा वापर करतात. त्यात आवाज, जखमेकडे दिले जाणारे लक्ष, चाल, स्पर्शाला मिळणारी प्रतिक्रिया, मनःस्थिती आणि बसण्या-उठण्याची ढब यांना गुण देतात, आणि २४ पैकी ६ किंवा अधिक गुण झाले की वेदनाशामक देण्याचा विचार व्हावा असे मानतात. या मापनातही कुत्र्याचे वागणेच मोजले जाते. त्याचे नेहमीचे वागणे कसे असते हे तुमच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसल्यामुळे, ‘तो आज वेगळाच वागतो आहे’ हे तुमचे वाक्य पशुवैद्यांना संकोच न करता सांगावे.

सकाळपर्यंत थांबावे की लगेच न्यावे?

काही लक्षणांसाठी सकाळची वाट पाहणे म्हणजे उपचाराची संधी गमावणे ठरू शकते. त्यात पहिल्या क्रमांकावर पोट फुगून पीळ पडणे येते. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डोबरमन यांसारख्या मोठ्या आणि खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये हा आजार अधिक दिसतो. जठर वायूने फुगते, स्वतःभोवती फिरते, आणि हृदयाकडे परत जाणारे रक्त अडते. कुत्रा अस्वस्थपणे येरझारा घालतो, लाळ गाळतो, आणि ओकारीचे उमाळे येऊनही बाहेर काहीच पडत नाही, पडला तर थोडा फेस पडतो. ही कोरडी ओकारी हीच सर्वांत महत्त्वाची खूण आहे. पोट नगाऱ्यासारखे दिसेपर्यंत थांबू नये, कारण बरगड्यांखाली दडलेले जठर सुरुवातीला बाहेरून फुगलेले दिसेलच असे नाही. या आजारात निकाल काही तासांत लागतो आणि शस्त्रक्रियेला पर्याय नसतो.

लघवीसाठी वारंवार जोर करूनही थेंबच पडणारा नर, मागचे पाय अचानक ओढू लागलेला कुत्रा, पांढरट किंवा निळसर हिरड्या, कोसळून पडणे, पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली किंवा पुन्हा पुन्हा येणारी फिट, श्वासाला त्रास, आणि लाल होऊन धुरकट झालेला, मिटून घेतलेला डोळा या स्थितींतही लगेच निघावे. डोळ्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण लोक तो टाळतात. डोळ्यातील दाब अचानक वाढला, तर दृष्टी कायमची जाण्यासाठी एखादा दिवसही पुरतो.

यांपैकी काही नसेल, कुत्रा पाणी पीत असेल आणि झोपू शकत असेल, तर फोनवर सल्ला घेऊन सकाळी नेणे चालते. शंका असल्यास फोन करावाच. ‘एवढ्यासाठी फोन केलात?’ असे एकदा ऐकून घेणे परवडते.

निघण्यापूर्वी घरी काय तपासता येते?

ओठ वर करून हिरडी पाहावी. ती गुलाबी आणि ओलसर असावी. बोटाने दाबल्यावर ती पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. याहून अधिक वेळ लागत असेल, तर रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजावे. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांच्या बाबतीत खालची पापणी किंचित ओढून आतील रंग पाहावा. झोपलेल्या किंवा शांत पडलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला ३० च्या आत असतात. छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास, असे घड्याळ लावून मोजावे. गुदद्वारातून घेतलेले तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाला जो ताप वाटेल तो कुत्र्याला नाही. नाक कोरडे किंवा गरम आहे यावरून ताप ठरवू नये. कुत्र्याला खूप दुखत असेल, तर तापमान घेण्याचा हट्ट सोडून द्यावा.

सर्वांत उपयोगी तपासणी मोबाइलने होते. कुत्रा चालताना, बसताना, ओकताना अर्ध्या मिनिटाची चित्रफीत घ्यावी. दवाखान्यात पोहोचल्यावर भीतीमुळे अनेक कुत्रे ताठ, सावध उभे राहतात आणि घरी दिसलेले काहीच दाखवत नाहीत. आमच्याकडेही तसेच झाले. पाण्याच्या भांड्यासमोरची ती चित्रफीत पाहूनच पशुवैद्यांनी प्रथम मानेला हात लावला.

घरात वेदनाशामक गोळी आहे. लहान तुकडा दिला तर चालेल का?

देऊ नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या माणसांच्या रोजच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलचे प्रमाण चुकले, तर यकृताला इजा होते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. पशुवैद्य काही वेळा पॅरासिटामॉल स्वतः देतात हे खरे आहे, परंतु ते वजन, यकृताची स्थिती आणि इतर औषधे पाहून देतात. गोळीचा अंदाजे चौथा भाग करून दिला म्हणजे ते प्रमाण होत नाही.

दुसरे कारण कमी लोकांना माहीत असते. सूज कमी करणारी सामान्य वेदनाशामके आणि स्टेरॉइड ही दोन्ही एकाच वेळी शरीरात असतील, तर जठराला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. घरी दिलेल्या एका गोळीमुळे पशुवैद्यांना गरजेचे स्टेरॉइड काही दिवस पुढे ढकलावे लागते, म्हणजे तात्पुरत्या आरामासाठी दिलेली गोळीच वेदना लांबवते. गोळी देऊन झालीच असेल, तर नाव, मात्रा आणि वेळ न लपवता सांगावी. आपल्या मनाने मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यातून रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

खायला द्यावे का?

नाही. भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असणे बरे. पाणी थोडे थोडे द्यावे. उलट्या होत असतील किंवा पोट फुगलेले असेल तर तेही विचारून.

उचलायला गेलो तर चावला. तो आमच्यावर रागावला आहे का?

रागाचा प्रश्नच नाही. तीव्र कळ आल्यावर समोर कोण आहे हे पाहण्याइतका अवकाश त्याच्याजवळ उरत नाही, आणि आयुष्यात कधी न गुरगुरलेला कुत्राही दात लावतो. चेहऱ्याजवळ चेहरा नेऊ नये, मिठी मारू नये. मऊ कापडाचे मुसके बांधता येते, मात्र उलटी होत असलेल्या किंवा धाप लागलेल्या कुत्र्याला ते बांधू नये. पाठीच्या किंवा मानेच्या दुखण्याची शंका असल्यास त्याला कुशीत न उचलता सपाट फळीवर किंवा दोघांनी ताणून धरलेल्या जाड चादरीवर सरकवून न्यावे, आणि गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा.

काल पूर्ण बरा असलेला कुत्रा आज असा कसा?

अचानक दिसते ते दुखणे. आजार पुष्कळदा आधीपासून आत चाललेला असतो. डॅशहुंड, फ्रेंच बुलडॉग, बीगल, पेकिनीज यांसारख्या जातींमध्ये मणक्यांमधल्या चकत्यांचा मऊ गाभा तरुणपणीच कडक होऊ लागतो आणि एके दिवशी साध्या उडीने बाहेर येऊन मज्जारज्जूवर आदळतो. उडी हे निमित्त. तयारी कित्येक महिन्यांची. वयस्क कुत्र्याच्या प्लीहेवर वाढलेली गाठ फुटेपर्यंत काहीच जाणवत नाही, आणि फुटली की पोटात रक्तस्राव होऊन तो कोसळतो. नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात माजानंतरच्या आठवड्यांत पू साचतो. पाणी पिणे वाढते, भूक मरते, आणि गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर बाहेर स्राव न दिसताच ती गंभीर आजारी होते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापांत सांधे सुजतात आणि कुत्रा सगळ्याच पायांनी जपून चालतो. तेलकट, चरबीचे खाणे अचानक पोटात गेल्यावर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मिनिएचर श्नाउझर या जातीत हा कल अधिक असतो.

आमच्या कुत्र्याला झाला तो आजार यांहून वेगळा होता. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीच्या आवरणाला आणि तेथील रक्तवाहिन्यांना त्याच्याच प्रतिकारशक्तीमुळे सूज आली होती. हा आजार प्रामुख्याने ६ ते १८ महिन्यांच्या कुत्र्यांना होतो आणि बीगल, बॉक्सर, बर्नीज माउंटन डॉग या जातींत अधिक आढळतो. ताप आणि मान ताठ होणे ही त्याची मुख्य लक्षणे आहेत. संसर्ग न सापडताही संसर्गासारखे चित्र दिसत असल्यामुळे, केवळ प्रतिजैविके देऊन वाट पाहण्यात काही दिवस जाण्याचा संभव असतो.

इतक्या तपासण्या कशासाठी? आणि निदान होईपर्यंत त्याने दुखणे सोसायचे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: एकच लक्षण दहा आजारांत दिसते. रक्ततपासणीतून संसर्ग, यकृत, मूत्रपिंड यांची कल्पना येते. एक्स-रेत हाडे आणि वायू दिसतात, पण मज्जारज्जू दिसत नाही. सोनोग्राफीत प्लीहा, गर्भाशय, मूत्राशय दिसतात. एमआरआय आणि पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी भूल देऊनच होते, कारण कुत्र्याला ‘हलू नकोस’ असे सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ठामपणे ‘नाही’ असे आहे, आणि हे सारे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. निदान आणि वेदनाशमन ही दोन कामे एकापाठोपाठ करायची नसून सोबत करायची असतात. आमच्या बाबतीत कण्यातील द्रव काढण्यापूर्वी स्टेरॉइड देता येत नव्हते, कारण त्यामुळे द्रवातील पेशींचे चित्र बदलून निदान झाकले गेले असते. पहिल्या संध्याकाळी आम्ही ‘मग थांबावे लागेल’ असे मानून गप्प बसलो. नंतर विचारले, ‘तोवर दुसरे काही देता येईल का?’ देता येत होते. ओपिऑइड वर्गातील, म्हणजे मॉर्फीनसारख्या तीव्र वेदनाशामकाच्या, इंजेक्शनने निदानात बाधा येत नाही, आणि ते दिल्यावर तासाभरात तो प्रथमच कुशीवर आडवा झाला. तोपर्यंत तो बसल्या बसल्या पेंगत होता, मान खाली आली की दचकून जागा होत होता. ‘आत्ता या क्षणी त्याच्या वेदनेसाठी काय दिले आहे, आणि त्याचा असर किती तास टिकेल?’ हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा. चांगल्या पशुवैद्यांना तो आगाऊपणा वाटत नाही.

एकाच दुखण्यासाठी तीन औषधे दिली आहेत. हे जास्त नाही का?

वेदनेचा मार्ग लांब असतो. सूज कमी करणारे औषध मुळाशी काम करते, ओपिऑइड मेंदू आणि मज्जारज्जूत संदेश दाबतात, आणि गॅबापेंटिनसारखे औषध चिडलेल्या नसांना शांत करते. तीन ठिकाणी थोडे थोडे अडवले की प्रत्येकाची मात्रा कमी ठेवता येते.

दुष्परिणाम आधी विचारून ठेवावेत, म्हणजे घाबरगुंडी उडत नाही. गॅबापेंटिनने कुत्रा झिंगल्यासारखा चालतो. स्टेरॉइडने तहान, भूक आणि लघवी इतकी वाढते की घरात नीट वागणारा कुत्राही रात्री आत लघवी करून बसतो. त्याला रागावू नये आणि पाणी तर मुळीच तोडू नये. याउलट, सूज कमी करणाऱ्या औषधावर असताना उलटी झाली, जेवण सोडले किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर पुढची मात्रा न देता लगेच कळवावे. स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने कधीही एकदम बंद करू नये. माणसांसाठीची पातळ औषधे घ्यावी लागली, तर त्यांत झायलिटॉल हा गोडवा नाही ना, हे बाटलीवर वाचून घ्यावे; तो कुत्र्यांना विषारी असतो.

घरी आणल्यावर काळजी कशी घ्यावी?

घसरड्या फरशीवर सतरंज्या किंवा रबरी चटया अंथराव्यात, भांडी छातीच्या उंचीवर ठेवावीत आणि जिना बंद करावा. पाठीच्या दुखण्यात पशुवैद्यांनी पिंजऱ्यात विश्रांती सांगितली असेल, तर तिचा कालावधी सहसा ४ ते ६ आठवडे असतो. दुखणे थांबते तेव्हाच ही विश्रांती मोडण्याचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण कुत्रा उड्या मारायला तयार असतो आणि आतली जखम भरलेली नसते. याबाबतीत कठोर राहावे.

एक वही करावी. औषधाची वेळ, खाणे, पाणी, लघवी, शी, आणि दिवसातून दोनदा एका वाक्यात तो कसा होता ते लिहावे. आमच्या वहीत तिसऱ्या दिवशी ‘भांडे जमिनीवर ठेवले, प्यायला’ एवढीच नोंद आहे. मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्याने आठ-दहा तासांत लघवी केली नसेल, तर मूत्राशय रिकामे करून घ्यावे लागते. ते कसे करायचे हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी स्वतःच्या हाताने करून पाहावे.

घरातील मुले आणि दुसरा कुत्रा यांचे काय?

दोघांनाही काही दिवस दूर ठेवावे. लेप्टोस्पायरोसिसची (लघवीतून पसरणाऱ्या जिवाणूजन्य आजाराची) शंका असेल, तर लघवी पुसताना हातमोजे वापरावेत, कारण तो माणसांनाही होतो.

आधी लक्षात आले असते तर? ही माझी चूक आहे का?

हा प्रश्न बहुधा रात्री पडतो. कधी उशीर खरोखर झालेला असतो, आणि तेव्हा ‘तुमची काहीच चूक नाही’ हे सांत्वन मनाला पटत नाही. परंतु दुखणे लपवणे कुत्र्याच्या स्वभावातच असते. सवयीच्या डोळ्यांना हळूहळू होणारा बदल दिसत नाही, हे डॉक्टर असलेल्या श्वानपालकांच्या बाबतीतही घडते. अपराधभाव उपचारांत मात्र नडतो. त्याच्या भरात कोणी नको त्या शस्त्रक्रियेला होकार देतो, कोणी पशुवैद्यांवर चिडतो. रात्रीची जागरणे घरातल्यांनी वाटून घ्यावीत, आणि निर्णय घेताना सोबत असा एक माणूस ठेवावा जो रडत नसेल.

खर्च आवाक्याबाहेर जात असेल तर?

हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे आणि लेखी अंदाज मागावा. प्रत्येक तपासणीबद्दल ‘हिच्या निकालाने उपचार बदलतील का?’ असे विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर ती मागे ठेवता येते. विमा काढायचा असल्यास तो कुत्रा निरोगी असताना काढावा, कारण आधीपासून असलेला आजार सहसा वगळला जातो.

उपचार थांबवण्याची वेळ आली आहे हे कसे ठरवावे?

अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात बाबींना प्रत्येकी १० पर्यंत गुण द्यायचे. ७० पैकी ३५ च्या वर बेरीज असेल, तर काळजी घेत पुढे जाणे रास्त मानतात. मोजपट्टी निर्णय घेत नाही, पण घरातील प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण देऊन पाहिले, तर कोण काय टाळत आहे हे दिसते. श्वासाचा त्रास उपचारांनी कमी होत नसेल किंवा वेदना औषधांना दाद देत नसेल, तर बाकीच्या बेरजेला फारसा अर्थ उरत नाही, असे आमचे मत आहे.

शांत मृत्यू देताना बहुधा आधी गुंगीचे औषध आणि मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून देतात. शुद्ध आधी जाते, हृदय नंतर थांबते. डोळे उघडे राहतात, लघवी सुटू शकते, आणि क्वचित एक-दोन खोल उसासे येतात. हे आधी माहीत नसेल, तर तो अजून जिवंत आहे असे वाटून माणूस हादरतो. जवळ थांबायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. थांबायचे असेल, तर हात त्याच्या कानामागे ठेवावा आणि नेहमीच्या आवाजात बोलत राहावे.

बरा झाल्यावर पुन्हा असे होईल का?

आजारावर अवलंबून आहे. पिळाच्या शस्त्रक्रियेत जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेतल्यास पुन्हा पीळ पडण्याची शक्यता फार कमी होते. एका चकतीचा त्रास झालेल्या कुत्र्याला दुसऱ्या चकतीचा होऊ शकतो, म्हणून वजन आटोक्यात ठेवणे आणि सोफ्यावरून उड्या बंद करणे आलेच. आमच्या कुत्र्याचे स्टेरॉइड कित्येक महिने टप्प्याटप्प्याने उतरवले गेले, आणि या आजारात उलटण्याचे प्रमाण लक्षणीय असल्यामुळे मात्रा कमी करताना दर वेळी रक्तातील सूजदर्शक प्रथिन तपासले जात असे. एकदा आजार उलटलाही. त्या वेळी मात्र भांड्यासमोर तो थबकल्यापासून दवाखान्यात इंजेक्शन मिळेपर्यंत दोन तासही गेले नाहीत. आता तो चार वर्षांचा आहे. भांडे जमिनीवर असते, आणि सकाळी पहिले पाणी पिताना घरातले कोणीतरी चहाचा कप हातात धरून उगाच तिथे उभे असते.